घड्याळांची खोली

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात ना? मी दिलेलं तेल रोज चोळत जा, नुसतं कपाटात ठेवून गुण येत नसतो. (संपलं की बाटली परत पाठव. झाकण घट्ट बसणारी बाटली हल्ली मिळत नाही.) इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहोत. ह्यांची मान दुखते, पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मान दुखायचीच.

मागच्या पत्रात मी तुला कळवलं होतं की आमची मुंगी सराव परीक्षेत गणितात नापास झाली, पोरीचं डोकं अभ्यासात चालत नाही, तेव्हा यंदा तिचा मॅट्रिकचा फॉर्म भरत नाही, तू तिला तुझ्या शिवणाच्या दुकानात बसव. त्यावर तुझं कार्ड आलं. अख्ख्या कार्डावर एकच ओळ, की मुंगी अभ्यासाला बसते कुठे? मला रागच आला. एक तर एवढं कोरं कार्ड वाया घालवलंस, आणि घर तू पाहिलेलं आहेस. पुढे ह्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर, मधल्या बोळकांडीत तिची चटई आणि बुटकं बाकडं. दिवा आहे, वारा आहे, येताजाता सगळ्यांचं लक्ष राहतं. अजून काय हवं? (वर एक खोली आहे, पण ती घड्याळांची. दुरुस्त झालेलं घड्याळ आठ दिवस तिथे टांगून बघतात. पाय वाजवायचे नाहीत, दार आपटायचं नाही, हा ह्यांचा दंडक. लग्नाला वीस वर्षं झाली, मी त्या खोलीत शिंकलेसुद्धा नाही.)

तर तुला चोख उत्तर द्यावं म्हणून रविवारी मी स्वतःच मुंगीच्या जागी बसले. तिला स्वयंपाकघरात धाडलं, प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि ठरवलं की जेवणापर्यंत तीन अध्याय संपवायचे आणि मग तुला सविस्तर लिहायचं. मला सगळ्याची नोंद ठेवायची खोड, म्हणून जेव्हा जेव्हा उठावं लागेल तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीची एक रेघ. पहिल्या ओळीवर असताना ह्यांना चिमटा हवा झाला. दुसऱ्या ओळीवर गिऱ्हाईकाला पाणी. मग दूधवाला. मग दुकानातलं स्टूल सरकवायचं होतं, मग तेच स्टूल जागेवर ठेवायचं होतं. मग शेजारीण चाळणी मागायला आली, आणि बसलीच आहेस तर म्हणून आपलं तान्हं माझ्या मांडीवर ठेवून गेली. (मी वाचत होते हे तिने पाहिलं होतं. तिच्या लेखी ते बसणंच.) कुठलंही काम मिनिटाच्या वरचं नव्हतं, ताई. त्यामुळेच तर कुणाला जाणवत नाही.

ह्यांच्या डोळ्याला भिंग लावलेलं असतं, म्हणजे मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. हात मागे करायचा आणि मुंगे, अमुक दे, मुंगे, तमुक दे. मी पेचकस दिला तो मोठा निघाला. हे मान न वळवता म्हणाले, "लक्ष कुठे असतं गं तुझं? म्हणून गणितात भोपळा." ह्यांना काही बोलावं, तर ते वाक्य माझंच होतं. रोज माझ्याच तोंडून ऐकून ऐकून ह्यांना पाठ झालेलं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा रेघा एकतीस होत्या आणि पुस्तकाचं पान पहिलंच. त्यात स्वयंपाकघरातून आलेली हाक एकही नाही, कारण मुंगीने सगळं आपलं आपण केलं. रोज तिथून मी मारते, त्या हाका एकतिसांत धरलेल्याच नाहीत.

तेवढ्यात निवृत्त टपालवाला भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. रोज दहा मिनिटं मागे पडतं म्हणाला. ह्यांची रीत तुला ठाऊक आहे. हे आधी यंत्र उघडत नाहीत. टांगलंय कुठे, शेजारी दार आहे का, ते कोण आपटतं, सगळी चौकशी करतात. घड्याळ दाराशेजारीच होतं. हे म्हणाले, "मग त्या बिचाऱ्याचा काय दोष? आधी जागा बदला, मग बघू." टपालवाला गेला आणि मी वही घेऊन ह्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"आणि मुंगी टांगलीय कुठे, ते विचारलंत का कधी?"

ह्यांनी भिंग काढलं. रेघा मोजल्या, मग परत मोजल्या. जेवण झाल्यावर वर गेले आणि एकेक घड्याळ छातीशी धरून खाली आणायला लागले.

आता घड्याळं माझ्या स्वयंपाकघरात आहेत. सात घड्याळांचे बारा वाजायला पाव तास लागतो, तेवढा वेळ देवाला हात जोडून नुसती उभी राहते. मुंगी वर बसते. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. पण पहिले तीन दिवस ती सारखी जिन्यात यायची. "आई, हाक मारलीस?" मी मारलेली नसायची. कुणीच मारलेली नसायची. पंधरा वर्षांच्या पोरीच्या कानांत आम्ही हे भरून ठेवलंय, ते खोली बदलून लगेच थोडंच निघणार? चौथ्या दिवशी आलीच नाही म्हणून मी वर गेले. गणितात डोकं घालून बसली होती. दाराची कडी वाजली तरी तिने वर पाहिलं नाही. मी तशीच खाली आले आणि जरा रडले. (ह्यांना कांद्याचं कारण सांगितलं. कांदा चिरलेला नव्हता, पण हे कुठे बघतात.)

शुक्रवारी ह्यांनी मुंगीच्या फॉर्मवर सही केली. पास होईल की नाही ते देवाला माहीत. पण आता नापास झालीच, तर डोक्याला बोल लावायच्या आधी मी बाकीचं तपासेन.

तुझी,
धाकटी

ता. क. मुंगीसाठी ठेवलेलं शिवणयंत्र दुसऱ्या कुणा गरजू मुलीला दे. ती दुकानात नेमकी कुठे बसेल तेवढं बघ.

ता. क. दुसरा. काल बोळकांडीतली चटई गुंडाळताना एक गोष्ट आठवली. आपल्या घरात मी हुशार आणि तू मठ्ठ, असं ठरलेलं होतं. आठवीत दोनदा बसलीस आणि मग तुझी शाळा सुटली. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी दारावर थाप पडली, बाबांची हाक आली, तर मी कधी उठल्याचं मला आठवत नाही. म्हणजे कुणीतरी उठत होतं.

ता. क. तिसरा. हे पत्र खरं ह्यासाठी लिहिलं. मुंगीचा फॉर्म द्यायला गेले तेव्हा शाळेच्या बाईंकडून मॅट्रिकला बाहेरून बसणाऱ्यांचा एक फॉर्म मागून घेतला, तो सोबत आहे. तुझं नाव, पत्ता, सगळं भरलंय. सही तेवढी तुझी हवी. वयाचा रकाना कोरा ठेवलाय, तिथे खरं लिही. सही करून तू इकडेच ये, वर दोघींपुरती जागा आहे. दार मी उघडेन.