आडवं कोण येतंय?

१ जानेवारी, रविवार
यंदाचा संकल्प एकच. ह्यांच्याशी रोज अर्धा तास बोलायचं. मागच्या वर्षीही हाच होता, पण ह्यांनी साथ दिली नाही. रिटायर झाल्यापासून घरात बोलतात काय, तर चहा झाला का, पेपर कुठंय, जाऊन येतो, आलो. शनिवारी मात्र कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत पत्ते खेळायला जातात. राजा-राणीचे नव्हेत. राक्षस, ड्रॅगन असली चित्रं असलेले. ह्या वयात! लेक फोनवर म्हणाली, आई, बाबांना एक तरी जागा असू दे ना. तिला काय म्हणायचं होतं कळलं नाही. ठरवलं, खेळ आपणच शिकायचा. नवऱ्याच्या आवडीत एवढा रस घेणाऱ्या बायका असतात किती?

४ जानेवारी
ह्यांच्या कपाटातून नियमांची पुस्तिका काढली. इंग्रजीत आहे, उत्तमच. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी आमच्याकडून व्याकरण इतकं घोटून घेतलंय की पोटवाक्यांची मला भीती नाही.
सोपं आहे. प्रत्येक प्राण्याच्या पत्त्यावर दोन आकडे, एक मार, एक दम. आपला प्राणी समोरच्यावर पाठवायचा आणि विचारायचं, आडवं कोण येतंय? त्याचा एखादा प्राणी आडवा आला, तर दोघं एकमेकांना एकाच वेळी मारतात. दम संपला तो मेला. कुणीच आडवं आलं नाही, तर मार थेट त्या माणसाला. तेव्हा त्यानं म्हणायचं, ‘अंगावर घेतो.’ प्रत्येकाला वीस पॉइंट, संपले की हरला.
संसारापेक्षा सोपं आहे. नियम छापलेले तरी आहेत.

७ जानेवारी, शनिवार
ह्यांच्याबरोबर गेले. हे दारातच थांबले, म्हणाले, तू कंटाळशील गं. माझी काळजी असतेच.
ट्यूबलाइट, रिकामी खोकी, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लांब टेबल. दुकानाची मालकीण, एक पोस्टमन, एक प्लंबर. पोस्टमन आनंदानं ओरडला, या या, बडबडे! मी मागे वळून पाहिलं, कोण बडबडे? तर ते ह्यांचं टोपणनाव. उपरोधानं ठेवलेलं असणार. कारण पूर्ण वेळ हे गप्पच होते. पोस्टमननं दोनदा विचारलं, बरं नाही का?

१४ जानेवारी, शनिवार
आज मी पहिली चूक पकडली. काही प्राण्यांच्या पत्त्यावर ‘पहिला वार’ लिहिलेलं असतं. तो आधी मारतो. समोरचा त्यातच मेला, तर उलट मारायला तो उरतच नाही. आणि प्लंबर खुशाल मेलेल्या अस्वलाकडून उलट मार देत होता! मी म्हटलं, अहो, मेलेला मारणार कसा? तर म्हणतो, ताई, एवढ्या लांबून आलंय बिचारं, एक फटका मारून मरू दे की. सगळे हसले. हेसुद्धा. हसणं संपेपर्यंत मी थांबले आणि मग पान दाखवलं.
मला आता सगळे ‘हेडबाई’ म्हणतात. माणसांना शिस्त हवीच असते, कुणीतरी लावावी लागते.

१९ जानेवारी
अर्धा तास बोलणं: आज जमलं नाही. मी नियमांबद्दल बोलले, ह्यांनी ऐकलं. म्हणजे अर्धं जमलं.
दुपारी उगाच जुनं आठवत बसले. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे ट्रेनिंगला गेले होते. मला आवडावं म्हणून इंग्रजीतून पत्रं लिहायचे. ‘आय अ‍ॅम मिसिंग टू यू.’ किती गोड माणूस. मी ‘टू’वर लाल पेन्सिलीनं काट मारून पत्र परत पाठवलं. सगळीच पाठवायची, अगदी प्रेमानं, समासात ‘छान प्रयत्न’ लिहून. पुढे पत्रं थांबली. कामाचा ताण वाढला होता तेव्हा.

२८ जानेवारी, शनिवार
आजचा दिवस माझा.
ह्यांचं एक लाडकं कासव आहे. मार शून्य, दम दहा. दोन वर्षं हे त्याच्या पाठीमागे निवांत बसून खेळतायत. पोस्टमनकडे एक रानडुक्कर आहे. मार सहा, शिवाय विषारी, शिवाय तुडवणारं. विषारी म्हणजे एक पॉइंट जरी लागला तरी समोरचा मेला. तुडवणारं म्हणजे आडव्या आलेल्याला मारायला लागतो तेवढाच मार त्याच्यावर खर्च करायचा, उरलेला मागच्या माणसाला. ह्या मंडळींचा समज असा, की कासवाचा दम दहा, तेव्हा डुकराचे सहाच्या सहा त्याच्यावरच संपले. कासव विषानं मरायचं, पण हे सुखरूप.
साफ चूक! दोन्ही नियम एकत्र वाचा ना! विषारी असेल तर मारायला एकच पुरतो. एक कासवाला, पाच ह्यांना.
पोस्टमन म्हणाला, राहू दे ना हेडबाई, माझी काही तक्रार नाही. प्लंबर म्हणाला, आम्हाला आमच्या चुकीनं बरं चाललंय. मी पुस्तिका पुढे केली. मालकिणीनं वाचली, पुन्हा वाचली, आणि हळूच म्हणाली, बाईंचं बरोबर आहे. हे म्हणाले, हो, हिचं बरोबरच असतं.
भरल्या सभेत! इतक्या वर्षांत इतकं उघड कौतुक पहिल्यांदाच.
घरी येऊन ह्यांनी कासवाचा पत्ता जोडातून काढून ठेवला. सुधारणा आहे.

११ फेब्रुवारी, शनिवार
दुकानात स्पर्धा. शेवटची लढत, मी आणि हे. जोडीनं फायनलला! मनात आलं, लग्नाचे दिवस परत आले.
मी वाघ पाठवला. आडवं कोण येतंय? ह्यांच्यासमोर तीन प्राणी रिकामे बसलेले. हे म्हणाले, अंगावर घेतो. पुन्हा पाठवला. अंगावर घेतो. मी समजावून सांगितलं, की गेंडा आडवा घातला असता तर मार एकाच वेळी लागून दोघंही मेले असते आणि तुमचं नुकसान टळलं असतं. हे म्हणाले, माहीत आहे. पुन्हा, अंगावर घेतो. पोस्टमनला राहवेना. अहो बडबडे, घाला ना एखादा आडवा! हे म्हणाले, राहू दे, सवय आहे.
मी जिंकले. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्यांना घरी जायची घाई असावी. मालकिणीनं बक्षिसाचं खोकं माझ्या हातात दिलं आणि दिवे मालवायला लागली. अजून उजेड होता.
रस्त्यात ह्यांना विचारलं, मुद्दाम हरलात का? म्हणाले, नाही गं. चेहरा मात्र उतरलेला. चूक सुधारून दिली की असाच चेहरा करतात हे, जुनी सवय आहे.

१८ फेब्रुवारी, शनिवार
दुकानावर पाटी. शनिवारचा खेळ पुढील सूचनेपर्यंत बंद. ‘पुढील’मधली वेलांटी चुकली होती, ती मी पेननं नीट केली. वाईट वाटलं, आत्ता कुठे त्यांचा खेळ सुधारत होता.
ह्यांना सांगितलं, तर ह्यांना आधीच माहीत. म्हणाले, शनिवारी आता चालायला जाईन. किती वर्षं मागे लागले होते मी! तीन तास चालून आले.

२५ फेब्रुवारी, शनिवार
मीही येते म्हटलं चालायला. म्हणाले, तुला झेपायचं नाही. खरंय, गुडघे.
मग रविवारी आपण घरीच खेळू असं ठरवलं. मीच ठरवलं.

२६ फेब्रुवारी, रविवार
टेबलावर चांगला टेबलक्लॉथ घातला. पत्ते मांडले. हे बसले. अंगावर घेतो, अंगावर घेतो, अंगावर घेतो. चहा निवायच्या आत मी जिंकले. परत खेळू या म्हटलं, तर म्हणाले, तूच जिंकशील. खेळ सुटतोय ह्यांचा. वय.

६ मार्च, सोमवार
पोस्टमन पार्सल घेऊन आला. ओळखीचं हसला आणि बोलून गेला, काय हो हेडबाई, परवा बडबड्यांनी त्या चोरलेल्या सायकलचा किस्सा सांगून वर्कशॉपमध्ये आमची हसून हसून... आणि एकदम थांबला. मग म्हणाला, इथे सही करा. कुठलं वर्कशॉप, विचारलं. प्लंबरचं, म्हणाला. आणि मग, नाही नाही, दुसरे कोणीतरी होते ते.
दिवसभर इतकी दारं हिंडतो, माणसांचा घोळ होणारच. ह्यांची सायकल कधी चोरीला गेली नाही. निदान मला तरी तसं काही सांगितलेलं नाही.

११ मार्च, शनिवार, संध्याकाळ
हे फिरून आले. चेहरा उजळलेला. बूट स्वच्छ, धुळीचा कण नाही. घसा पार बसलेला, शब्द फुटेना.
मीठ घालून पाणी गरम केलं. हे बेसिनपाशी उभे राहून गुळण्या करत होते आणि मी टॉवेल धरून मागे. एक प्रश्न तोंडाशी आला होता. विचारला असता, तर ह्यांनी तोही अंगावर घेतला असता.
हवा बदललीय, असं मीच म्हटलं. हे हो म्हणाले. नुसते ओठ हलले.