पिठात उमटलेली पाटी

रेडमंड, १४ नोव्हेंबर २००५, संध्याकाळ

मी सांगतेय, सूनबाई मेधा लिहितेय. हसू नकोस गं, लिही.

सकाळी मेधा दूध आणायला दुकानात गेली, मी गाडीतच बसले. तेवढ्यात एक लाल गाडी उलटी मागे आली, तिने आमचं दार चेपवलं आणि ती सरळ निघून गेली. घरी सुधीर बायकोवरच घसरला. "खांबाला घासलीस ना? आईला कशाला मध्ये घालतेस?" हिला लायसन मिळून महिना झाला नाही, म्हणून हिचाच दोष! बिचारी रडवेली झाली.

मला राहवेना. ओट्यावर कणीक पसरली आणि त्या गाडीची पाटी बोटाने काढून दाखवली. त्यात आकडा कुठला, अक्षर कुठलं, मला काय ठाऊक? पण साठ वर्षं रांगोळी काढतेय. शेजारणीच्या दारातली एकदा बघितली, की घरी येऊन तश्शी काढायची.

सुधीर वाकून बघतच राहिला. "आई, हा पूर्ण नंबर आहे!"

"हो का? मला वाटलं वेलबुट्टी."

त्याने तो नंबर पोलिसांना कळवला. आत्ता त्यांचा फोन आला, लाल गाडी सापडली. तिला आमच्या गाडीचा रंग लागलाय. सुधीर मेधाला हळूच सॉरी म्हणाला. मी म्हटलं, "मोठ्याने म्हण, ऐकू आलं नाही." माझे कान चांगले आहेत, हे लिहू नकोस.

कणीक अजून ओट्यावर तशीच आहे. जन्मभर अंगठा उठवला, आज माझ्या हातची एक ओळ पोलिसांनी खरी मानली. पुसू कशी देईन? पोळ्या आज सुधीर लाटतोय, जेवणाच्या टेबलावर.