आई ग्रुपवर आली

३ नोव्हेंबर
सात महिने वहीला हात लावला नाही, क्षमस्व. वहीची माफी मागणं हास्यास्पद आहे का? असो, मागते. काल मी आणि आई हडपसरहून कर्वेनगरला राहायला आलो. दुसरा मजला, भरपूर ऊन. आईनं आल्याआल्या खिडकीजवळची खुर्ची पटकावली. तिचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात लावलं. इंजेक्शन दिलं की वीस मिनिटांत ताट. सहा वर्षांत हा नेम चुकलेला नाही. सचिव श्यामसुंदरकाकांनी मला सोसायटीच्या ग्रुपवर घेतलं. कुणीतरी गुलाबाचं फूलही टाकलं.

८ नोव्हेंबर
बाल्कनीत गोधडी वाळत घातली, तर तिचा फोटो ग्रुपवर. खाली काकांची ओळ: "नवीन सभासदांनी आपले वैभव घरातच मांडावे." एकवीस जण हसले. माझं उत्तर सभ्य होतं ना, हे चार वेळा तपासलं. मग आणखी कोण हसतंय ते पाहत बसले. ताटाला चाळीस मिनिटं उशीर. आईचे हात थरथरत होते. साखर खाऊन म्हणाली, "अगं सोना, त्या काकांना जेवायला घालतेस की मला?" फार लाज वाटली. फोन कपाटात ठेवला.

१३ नोव्हेंबर
फोन परत काढला. माझ्याबद्दल काय लिहितात ते कळायला नको? मान वळत नाही, डोळे चुरचुरतात. आज माझे एकशे बारा मेसेज आहेत. मला तीस आठवतात. उरलेले वाचले. भाषा माझीच, शुद्धलेखनही. पण इतकं विखारी मी—

१७ नोव्हेंबर
तळमजल्यावरच्या राधाताई सांगून गेल्या, की आईच्या हाका खालपर्यंत येतात. मी शेजारच्या खोलीत होते. मला एकही—

१९ नोव्हेंबर
आईनं काकांना सांगून स्वतःला ग्रुपवर घ्यायला लावलं. तिथं तरी सोना वाचेल, असं म्हणाली म्हणे. त्यांच्यापुढे!

२१ नोव्हेंबर
बाराला इंजेक्शन दिलं. वीस मिनिटं होती, म्हणून एकच उत्तर—
आता सहा वाजलेत. ग्रुपवर वर जाऊन पाहिलं.
१२:४०, आई: "सोना, ताट." खाली माझा अंगठा.
१:०५: "घाम येतोय गं." अंगठा.
१:२०: "सोना"
माझं उत्तर: "कृपया विषयाला धरून बोला."
चौदा जण हसलेत. पहिल्यांदाच माझ्या बाजूनं.
हे मी लिहिलेलं नाही. की—
आई खुर्चीतच आहे. हात गार. राधाताई दार वाजवतायत. आधी ग्रुपवर खुलासा—

उद्या: आईचं ताट वेळेवर