इंदूर नाक्यावरचं खोगिरांचं दुकान

धार, माघ वद्य तृतीया, शके १८२६

प्रिय उदाजी,

बडोद्याहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मी फिरतीवर होतो. दरबारानं मला नवंच काम दिलंय. प्लेगात बंद पडलेली दुकानं, धर्मशाळा, सडकेकडेच्या पडव्या, सगळ्यांचे फोटो काढायचे. कुठली पुन्हा सुरू होतील आणि कुठली पाडायची ते ठरवायला. आजवर सरदार-मानकऱ्यांचे फोटो काढले. बंद दुकान निदान मिशीला पीळ द्यायला वेळ मागत नाही. टांगेवाला मात्र रोज विचारायचा, "भिया, बंद दुकान का क्या फोटू खींचना?"

पहिले काही दिवस मलाही तसंच वाटलं. मग एका खेड्यात कासाराच्या दुकानाची फळी निखळलेली दिसली. आत दोरीला बांगड्यांचे जोड तसेच लटकत होते, धुळीनं सगळे एकाच रंगाचे झालेले. पुढच्या गावी हलवायाच्या भट्टीत गवत माजलं होतं आणि त्यात एक शेळी निवांत चरत होती. तिचाही फोटो घेतला. दरबाराला आवडो न आवडो.

देवासच्या बाजाराचंही असंच काम मिळालं, म्हणून तिथून देवासला गेलो. तिथली गंमत तुला ठाऊकच आहे. एकाच गावात दोन राज्यं; रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीच्या महाराजांची, दुसरी धाकट्या पातीच्या. एकाच बाजाराचा फोटो घ्यायला दोन कचेऱ्यांत जाऊन परवानग्या काढाव्या लागल्या. देवासला आलोच आहे, तर भवानी वहिनींची खुशाली घ्यावी म्हणून तुझ्या मेहुण्याकडे, फत्तेसिंगांकडे गेलो. वहिनी तुझ्या माघारी माहेरीच आहेत, असं तुझ्यासारखंच मीही धरून चाललो होतो. फत्तेसिंगांनी पान पुढे केलं, पण नजर वर केली नाही. "ती संक्रांतीनंतर धारला गेली," म्हणाले. "आमच्या घरची लेक उघड्या ओट्यावर बसून सुई चालवते. काय सांगू तुम्हाला?"

धारला परतलो तो घरी न जाता थेट इंदूर नाक्यावर उतरलो. तुझ्या दुकानाच्या फळ्या काढलेल्या होत्या. ओटा सारवलेला होता. तुझा म्हातारा कारागीर आत चामडं कापत होता, आणि पुढे कापसाच्या ढिगाशेजारी बसून वहिनी खोगीर शिवत होत्या. ज्यांच्या पायातलं जोडवंसुद्धा नाक्यावरच्या कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्या. मला पाहून पदर पुढे ओढला, पण उठून आत गेल्या नाहीत. "टांगेवाले रोज दाराशी येऊन परत जात होते, भावजी," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी मला चहा दिला. प्लेगात गेलेल्या तुझ्या मानाजीचं नाव कसं काढावं मला कळेना. शेवटी त्यांनीच काढलं. "मानाजी गेला तेव्हा मी त्यांना नको ते बोलले. दुकानातला माल सोडवेना म्हणून पोराला गावात ठेवलंत, असं मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण जे वेळेवर गाव सोडून माळावर जाऊन राहिले, त्यांचीही पोरं गेली. तेव्हा मला ते दिसत नव्हतं. माझं बोलणं ऐकून ते बडोद्याला निघून गेले, आणि मी त्यांना अडवलं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की भरून आला नाही. दोरा संपला तो नवा ओवला आणि पुन्हा शिवायला लागल्या. म्हातारा आतून पाठमोराच म्हणाला की शिवण मालकांपेक्षा बरी आहे. त्यावर त्या हसल्या. उदाजी, मानाजी गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मुद्द्याचं. दुकान विकायचंय, इंदूरच्या गिऱ्हाइकाला दाखवायला बंद दुकानाचा फोटो काढून पाठव, असं तू लिहिलं होतंस. तसा फोटो आता निघणार नाही. निघाला तो सोबत पाठवतोय, पण गिऱ्हाइकासाठी नव्हे. वहिनींनी फोटो घेऊ दिला, हात मात्र थांबवला नाही, म्हणून सुईचा हात पुसट आलाय. विक्रीचं मी त्यांना बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. ते सांगायचं झालं तर तुलाच त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं लागेल. तुला कळवू का, एवढं मात्र विचारलं. त्यांनी टाका पुरा करून दोरा दातानं तोडला. मग म्हणाल्या, "कळवा. पण या म्हणून लिहू नका. दुकान उघडलंय, तेवढंच लिहा." म्हणून मी तुला ये म्हणत नाही. दुकान उघडलंय.

तुझाच,
श्रीपाद