बाहुलीची वाकलेली मान

मी, बाहुल्यांचे खेळ करून पोट भरलेली बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात न धरता, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलीची. जावयांनी त्यात नाक खुपसू नये. त्यांना माझी छत्री द्यावी. तीही त्यांच्यासारखीच वारा येईल तशी उलटते.

२. पटाश्या, रंधा आणि रंग मुलीचे. "पोरीच्या हातात पटाशी शोभत नाही," म्हणून तिच्या बापाने तिला कधी हात लावू दिला नाही. निम्म्या बाहुल्या मी कोरल्या, नाव त्यांचे झाले. हे मी विसरलेले नाही.

३. मोठ्या दोन बाहुल्यांविषयी. एकाच ओंडक्यातून, एकाच मापाने मी त्या कोरल्या. एकीला फ्रॉक घातला, दुसरीला शर्ट-पँट घालून बाहुला केले. वर्षभरात फ्रॉकवालीची मान खाली गेली. मानेची खुंटी ढिली नव्हती, मी तपासली. हे म्हणाले, "पोरीची जात, उपजतच लाजरी." मी म्हटले, "अहो, लाकूड ते. त्याला कसलं आलंय उपजत?"

मग मी गुपचूप कपड्यांची अदलाबदल केली. पुढच्या हंगामापर्यंत वाकलेली मान वर आली आणि दुसरी वाकली. मी ह्यांना दाखवले. त्यानंतर हे बाहुल्यांच्या खोलीत कधी एकटे बसले नाहीत.

हे गेल्यावर मी दोघींचे कपडे काढून ठेवले. आता दोघी सरळ बघतात. मी कुठेही बसले तरी माझ्याकडेच बघतात.

४. या दोघी नातीच्या. ती अजून रांगते आणि कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवते. जावयांनी तिच्यासाठी झालरीचा फ्रॉक आणला आहे. मला त्याची भीती वाटते. लग्नानंतर माझीही मान वाकली ती वाकलीच. डॉक्टर म्हणाले, वय झाले. तेव्हा माझी पंचविशीही उलटली नव्हती.

५. मला नेताना ह्यांचा काळा कोट घालावा. तो माझ्या मापाचा करायला शिंप्याकडे दिला आहे, आज येईल. मुली, तेव्हा माझी मान एकदा नीट बघ आणि मग त्या फ्रॉकचे काय करायचे ते तूच ठरव.

सही: बाहुलीवाली
स्थळ: बाहुल्यांची खोली
दिनांक: कोट शिवून आला तो गुरुवार

साक्षीदार पहिली, डॉक्टरीणबाई: बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा, शेजारचा शिंपी: माप घेतले तेव्हा बाईंची मान वाकलेली होती. आज माझ्यासमोर कोट घालून पाहिला आणि बाई सरळ समोर बघू लागल्या. कॉलर दोन बोटे खाली राहिली.