भिंत माझी, गर्दी तिची

३ जानेवारी
यंदाचे संकल्प. एक : 'काळोखाचं व्याकरण' ही माझी फिल्म पूर्ण करणे. गोष्ट डोक्यात तयार आहे, टायटलचा फॉन्टही ठरलाय. म्हणजे निम्मं काम झालंच. दोन : रोज सकाळी एक तास ड्रॉइंग. तीन : नम्रताचं इन्स्टाग्राम बघायचं नाही.

तिसऱ्याचं कारण मत्सर नव्हे. वेळेची बचत. नम्रता अंधेरीच्या स्टुडिओत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. आली तेव्हा तिला पडद्यावर साधा चेंडू उसळवता येत नव्हता. मी शिकवलं. पुढे दोघांनीही नोकरी सोडली, आता दोघेही स्वतंत्र अ‍ॅनिमेटर. फरक इतकाच, की मी विचार करतो आणि ती करत सुटते.

८ जानेवारी
ड्रॉइंग नाही. खुर्ची पाठीला बरोबर नाही. नवीन खुर्ची शोधण्यात दिवस गेला. नम्रताचं इन्स्टाग्राम एकदाच उघडलं. अंगठा घसरला.

१९ जानेवारी, सकाळ
पेपरात नम्रता. फोटोसकट. लालबागच्या एका चाळीच्या भिंतीवर तिने अ‍ॅनिमेशन दाखवलं. रहिवाशांनी सांगितलेल्या गोष्टी, आवाजही त्यांचेच.

भिंतीवर प्रोजेक्शन ही मूळ आयडिया माझी. स्टुडिओच्या कँटीनमध्ये मी बोललो होतो. साक्षीदार एकच, नम्रता.

अप्पांनी बातमी कापून फ्रीजवर लावली. म्हणाले, पोरीने नाव काढलं. अप्पा माझे वडील आहेत, तिचे नव्हेत, एवढं इथे लिहून ठेवतो.

देविका म्हणाली, फोन करून अभिनंदन कर. (बायको विमा कंपनीत असली की नवऱ्याच्या स्वभावातही तिला जोखीम दिसते.) म्हटलं, करणारच होतो. मेसेज केला : "बघितलं. छान. कलर जरा सांभाळ." लगेच उत्तर आलं. तीन लाल बदाम. टोमणाच असणार.

१ फेब्रुवारी
नम्रताचा शो प्रत्यक्ष पाहून आलो. केवळ अभ्यास म्हणून. दोष पुष्कळ. भिंतीवर एक जाडा पाइप होता. तो झाकायचा सोडून हिने त्याच्यावरून कावळाच चालवला. हा शॉर्टकट झाला. पोरं किंचाळत होती. गॅलरीतल्या बायका कावळ्याला मालवणीतून शिव्या घालत होत्या. एक आजी चप्पल घेऊन उठली. लोक इतके रमले की टेक्निककडे कोणाचं लक्षच गेलं नाही. माझ्या मते हा सगळ्यात मोठा दोष.

नंतर नम्रताने मिठीच मारली. म्हणाली, यतीन, तुझ्याकडे काम आहे रे. पुढची फिल्म तिच्या स्वतःच्या चाळीवर, परळला. त्यात तिचे आजोबा बाबुराव गिरणीत जाताना दिसतात. ते चालणं मी काढावं. म्हणाली, चालणं तुझ्यासारखं कोणालाच जमत नाही. मेअखेर चाळ रिकामी करायची आहे, मग पाडणार. त्याआधी तिथल्या भिंतीवर दाखवायचं आहे.

म्हटलं, बघतो, फार बिझी आहे.

दुसऱ्यांच्या फिल्ममध्ये म्हातारे चालवायला मी मोकळा बसलेलो नाही.

१० फेब्रुवारी
निर्णय झाला. आपल्या वाडीच्या भिंतीवर माझा शो. गिरगावात भिंतींना काय तोटा? आणि आमच्या भिंतीला पाइप नाही.

सेक्रेटरी रमाकांतना भेटलो. त्यांनी विचारलं, हिरो कोण? म्हटलं, अमूर्त आहे. म्हणाले, नवीन दिसतोय, चालेल.

१४ मार्च
प्रोजेक्टरचा प्रश्न सुटला. नम्रताचा आणला. म्हणजे तिनेच टॅक्सीतून आणून दिला, वर लांब वायरही दिली आणि देविकाला फोकस लावायला शिकवलं. मला का नाही शिकवलं? मला येतं असं वाटलं असावं. येत नाही, पण तिला वाटलं हे बरं झालं.

जाताना बाबुरावांचा एक जुना फोटो ठेवून गेली. दबाव टाकण्याची पद्धत.

२७ मार्च
भिंतीवर दोऱ्या आहेत, त्यांवर सगळ्यांचे कपडे. वाडीच्या ग्रुपवर सूचना टाकली : "शनिवारी संध्याकाळी सर्वांनी कपडे काढून सहकार्य करावे." तेव्हापासून वाडीत कोणीही मला बघून गंभीर राहत नाही. निदान प्रसिद्धी तरी झाली.

२९ मार्च, शनिवार
शो झाला.

फिल्म पूर्ण नसल्यामुळे पहिला भाग दाखवला. काळोख. काळोखातून अधिक गडद काळोख उमटतो, हे त्याचं सौंदर्य. भिंत मुळातच काळवंडलेली असल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही. तळमजल्यावरच्या कमलाबाईंनी विचारलं, लाइट गेलेत का? कोणीतरी म्हणालं, नाही नाही, यतीनचा पिक्चर सुरू आहे. त्या म्हणाल्या, मग मेणबत्ती आणू का?

थोड्या वेळाने रमाकांत आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, छान झालं, आता मशीन आहेच तर मॅच लावू या. लावली. शेजारच्या वाडीतूनही लोक आले, जिन्यात बसायला जागा नव्हती. देविका सारखी फोकस सारखा करत होती आणि फार खूश दिसत होती.

गर्दीच्या बाबतीत मी नम्रताला मागे टाकलं, हे मान्य करावंच लागेल.

५ एप्रिल
प्रोजेक्शन हे माध्यम संपलेलं आहे. भविष्य छोट्या गेम्सचं. एक अप्रतिम कल्पना सुचली : खेळणाऱ्याने काहीही करायचं नाही, नुसतं थांबायचं. बनवायलाही सोपी.

७ एप्रिल
नम्रताने गेम काढली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या मुलांबरोबर बसून केली म्हणे. नाव 'जाळं'. मोठे मासे धरायचे, पिल्लं सोडून द्यायची. पिल्लू धरलं तर होडीतली आजी कोळी भाषेत झापते. अगदीच बाळबोध.

९ एप्रिल
अप्पा टॅबवर दिवसभर 'जाळं' खेळतात. आजी ओरडली की एकटेच हसतात. माझ्या कुठल्याही कामावर अप्पा असे हसलेले नाहीत. म्हणजे मॅचच्या दिवशी हसले होते, पण ते कपड्यांच्या सूचनेवर.

११ एप्रिल, दुपार
दोष शोधण्यासाठी 'जाळं' खेळलो. चहा गार झाला. परत केला, तोही गार झाला. दोष सापडला. मासे थांबताना हळूहळू थांबत नाहीत, ब्रेक लागल्यासारखे थांबतात. कलेच्या हिताचं म्हणून तिथल्या तिथे एक स्टार दिला आणि लिहिलं : "अ‍ॅनिमेशन प्राथमिक. मासे गचकन थांबतात. अभ्यासाचा अभाव." अर्थात नाव न देता. परीक्षण निःपक्षपाती असावं.

१२ एप्रिल
टॅब अप्पांचा आहे, हे लक्षात राहिलं नाही. परीक्षणावर अप्पांचं पूर्ण नाव, चिंतामणीपासून आडनावापर्यंत, शेजारी महाबळेश्वरचा मफलर घातलेला फोटो. पुसायला गेलो तर पासवर्ड मागतोय. अप्पांना पासवर्ड विचारला. म्हणाले, कशाला रे? म्हटलं, सहज.

१४ एप्रिल
नम्रता घरी आली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. जयंतीच्या मिरवणुकीच्या गडबडीतून वेळ काढून, निळा कुडता घालून, फक्त अप्पांना भेटायला. म्हणाली, काका, तुम्हाला गेम आवडली नाही, मला फार वाईट वाटलं. आई म्हणाली, वडीलधारं माणूस उगाच बोलणार नाही, जाऊन विचारून ये.

अप्पांनी टॅब हातात घेतला, चष्मा लावला आणि परीक्षण वाचलं. सावकाश वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पंखा बघत होतो.

अप्पा म्हणाले, हो गं, मासे जरा गचकन थांबतात खरे. पण एक स्टार माझ्या हातून चुकून पडला. म्हाताऱ्याचा अंगठा.

ती हसली. दोघांनी मग बसून मासे कसे थांबतात यावर बराच वेळ चर्चा केली. अप्पांनी मासळी बाजारातल्या पाटीतला मासा कसा शेवटी शेवटी शेपटी हलवतो ते हाताने करून दाखवलं. बाबुरावांच्या चालण्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

अप्पांना काही कळलं नाही बहुतेक.

१८ एप्रिल
अप्पा आता गॅलरीत बसून खेळतात. आवाज बंद करून.

२२ एप्रिल
'जाळं'ची नवी आवृत्ती. मासे सुंदर थांबतात, शेवटी शेपटी हलते. खाली लिहिलंय : "ही सुधारणा चिंतामणी काकांमुळे." निरीक्षण कोणाचं, नाव कोणाचं! चिंतामणी काकांचा आज मला फार राग आला. त्यांच्याबरोबरच जेवायला बसावं लागलं.

जेवताना अप्पा वाटीकडे बघत म्हणाले, त्या पोरीचं काम कर. एवढंच. आमटी मागावी तसं म्हणाले.

मीही करणारच होतो.

२४ एप्रिल
बसलो. फोटोत बाबुरावांचा एक खांदा खाली आहे. नम्रताने तिच्या आईचा आवाज पाठवला. आई, म्हणजे मीराबाई, बाबुरावांची सून. त्या सांगतात : मामंजी नाक्यापर्यंत सावकाश जायचे, डबा पायाला लागू द्यायचे नाहीत. भोंगा झाला की मग एकदम पावलं उचलायचे, पण धावायचे नाहीत. धावलो तर लोकांना कळेल उशीर झाला, म्हणायचे.

धावायचं नाही, पण पोचायचं. हे कसं काढायचं? टाच आधी. नाही, पंजा. डबा शरीरापासून लांब धरला की दुसरा खांदा आपोआप पडतो. म्हणून तो खांदा! मी स्वतः घरभर चालून पाहिलं, हातात पाण्याची बाटली घेऊन. अप्पा बघत होते. त्यांनी मधली तिपाई उचलून बाजूला ठेवली.

२६ एप्रिल
आजही तेच. देविकाने जेवायला बोलावलं म्हणे. खुर्ची तीच, पाठ दुखली नाही.

२८ एप्रिल
पाठवलं. नम्रताचा फोन आला. नाक ओढल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, तुझं नाव सगळ्यात आधी टाकते. मी म्हटलं, छे, एवढ्याशा कामाला नाव कसलं, अजिबात टाकू नकोस. असं म्हटल्यावर माणूस आग्रह करतो. ती म्हणाली, बरं, तुझी इच्छा. आणि ठेवला.

३० एप्रिल
अजून फोन नाही. ती विसरली असेल आग्रह करायला.

४ मे
काल परळला शो झाला. अप्पा, देविका, मी. चाळीत निम्म्या खोल्यांना कुलपं लागली होती, पण सोडून गेलेले लोकही परत आले होते, खुर्च्या घेऊन.

बाबुराव भिंतीच्या डावीकडून आले. सावकाश, डबा सांभाळत. मीराबाई पुढच्या रांगेत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मग भोंगा झाला, बाबुरावांनी पावलं उचलली आणि वरच्या गॅलरीतून कोणी म्हातारा ओरडला, "बाबुराव, पळ रे, गेट बंद करतायत!" सगळी चाळ हसली. हसताना बरेच जण डोळे पुसत होते.

मी मान वळवून पाहिलं, माझ्याकडे कोण बघतंय. कोणी नाही. सगळे भिंतीकडे बघत होते. अप्पासुद्धा.

शेवटी नावं आली. चाळीतल्या सगळ्यांची. माझं नव्हतं. आग्रह झाला नव्हता.

नम्रताला लोकांनी घेरलं होतं. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो. मीराबाई चहाचा ट्रे घेऊन फिरत होत्या. अप्पांना जय भीम केला, अप्पांनी हात जोडून जय भीम म्हटलं. मग कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता?

म्हटलं, अ‍ॅनिमेशन.

त्या म्हणाल्या, म्हणजे आमच्या नम्रतासारखं?

हो म्हणालो.