मर्जीवाले विचारायला विसरले

३ मार्च, मंगळवार

सगळ्यांत आधी आली ती चष्मेवाली. सभा ठरली होती चारला, ही बया तीनलाच दारात! मी एका बाईचे केस कापत होते. डावी बाजू झालेली, उजवी बाकी. चष्मेवालीला आपली भाषा येत नाही. हातानंच विचारलं, बसू का? म्हटलं बस बाई. मग आला लांब्या. चौकटीला कपाळ आपटूनच आत आला. दोन विमानं आणि एक बस बदलून आलाय म्हणे, आणि अडखळला कुठे, तर माझ्या दारात!

मागून आमची चिंगी आणि तिच्या कॉलेजातली पाच-सहा पोरं. कॉलेजनं हॉल दिला नाही, म्हणून सभा माझ्या केस कापायच्या खोलीत. खुर्ची एक, आरसा एक, माणसं नऊ. चिंगी माझी नात. तिचे आईबाप नोकरीच्या गावी, ही शिकायला माझ्याकडे. वीस वर्षांची घोडी झालीय, पण मला ती चिंगीच.

यांचं म्हणणं काय, ते तिनं मला तीनदा समजावलं. ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्याचं नुकसान होत नसेल तर सरकारनं मधे तडमडू नये. बोलायला परवानगी नको, धंद्याला नको, परमुलखात माल विकायलाही नको. मी म्हटलं, अगं, हेच मी तुझ्या आजोबांना चाळीस वर्षं सांगत होते! त्यांनी कुठे ऐकलं!

मी यांचं नाव ठेवलंय मर्जीवाले. यांच्यात कुणावर सक्ती नाही. म्हणून चहाचे कप कुणीच विसळले नाहीत.

– चिंगे, तुमच्या राज्यात कप कोण धुणार गं?

– ज्याला धुवावेसे वाटतील तो!

म्हणजे मीच.

४ मार्च, बुधवार

भिंतीवर जगाचा नकाशा लावलाय. जिथे शाखा तिथे टाचणी. टाचण्या संपल्या, तेव्हा मी माझ्या केसांच्या पिना दिल्या. चौदा देश! दोन वर्षांपूर्वी चार पोरं होती म्हणे. आमच्या कॉलेजची शाखा चिंगीनं काढली. वरून कुणी नेमत नाही. तीन पोरं जमली की झाली शाखा. मला तर भिंतीकडे बघून भरूनच येतं. मी तिसरीतून शाळा सोडली – सोडली कसली, सोडवली – आणि माझी नात त्या एवढ्या सगळ्या देशांतल्या पोरांशी फाडफाड बोलते!

बोलता बोलता तिनं माझी गोष्ट सांगितली. मी तीस वर्षं केस कापते, परवाना नाही. परवान्याला आठवी पास लागते. कात्रीला कुठे आठवी लागते? परवाने तपासणारे आमचे इन्स्पेक्टर भले माणूस. त्यांची बायको दर महिन्याला माझ्याकडेच येते. ते बघत नाहीत, मी दाखवत नाही. असं आमचं छान चाललंय.

लांब्याचे डोळे असे चमकले! फोटो काढू का, म्हणून चिंगीकरवी विचारलं. म्हटलं काढ की. आठवण म्हणून नेत असेल. इन्स्पेक्टरीणबाई तेव्हा खुर्चीतच होत्या, डोकं पुढे वाकवून, टॉवेल गुंडाळून. मी कात्री उचलून हसले.

६ मार्च, शुक्रवार

पाहुणे पुढच्या गावी गेले. घर रिकामं. विसळायचे कप नऊ.

९ मार्च, सोमवार

चिंगी पळत आली, हातात फोन. बघते तर मी! हातात कात्री, दात सगळे दिसतायत, खाली मोठ्ठ्या अक्षरांत – ‘हिचा गुन्हा काय?’ आपल्या भाषेत आणि आणखी सहा-सात भाषांत. एकतीस कॉलेजांच्या भिंतींवर लागलाय म्हणे. खरं सांगते, आधी मला हसूच आलं. तिकीट न काढता जगभर फिरले!

मग आरसा दिसला. आरशात इन्स्पेक्टरीणबाई. नेमकी त्याच क्षणी मान वर केलेली, चेहरा स्वच्छ. मी बोट ठेवून चिंगीला दाखवलं.

तिचा रंग उडाला.

– आजी, तू हो म्हणालीस ना?

– फोटोला म्हणाले. भिंतीला नाही.

तिनं लगेच लांब्याला फोन लावला. मला त्यांची भाषा कळत नाही, पण भांडण कळतं. नंतर सांगितलं – तो म्हणतो, एका दिवसात बावीस नव्या शाखा निघाल्या, असली गोष्ट पुन्हा मिळायची नाही, आजींना तर आनंदच व्हायला हवा. ही ओरडली, विचारायला दोन मिनिटं लागली असती! चष्मेवालीनं तिच्या देशातली पोस्टरं संध्याकाळच्या आत उतरवली. लांब्या काही हटेना. उठता-बसता मर्जी मर्जी करणारी पोरं, आणि नेमकी माझीच मर्जी विसरली!

१० मार्च, मंगळवार

इन्स्पेक्टर आले. नोटीस घेऊन. चहाला नको म्हणाले – पहिल्यांदाच.

‘आजी, आता मला दिसलं नाही असं कसं म्हणू? माझ्या बायकोला सगळ्या ऑफिसनं पाहिलंय.’

सोमवारी सुनावणी. जाताना चपला पायात घालायलाही त्यांना वेळ लागला.

१२ मार्च, गुरुवार

आता कॉलेजचं पत्र. या मंडळाविरुद्ध एक जरी तक्रार आली तरी मंडळ बंद, आणि चिंगीचं नाव पटावरून कमी. शेवटचं वर्ष आहे तिचं! पोरगी दोन दिवस धड जेवलेली नाही. नकाशाकडे पाठ करून बसते. मी म्हटलं, तक्रार करतंय कोण? ती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हा कळलं. तक्रार करण्यासारखं घडलंय ते माझ्याच बाबतीत.

१६ मार्च, सोमवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

परवान्याच्या ऑफिसात चिंगीला बाहेर बाकावर बसवलं. आत मोठे साहेब, कोपऱ्यात आमचे इन्स्पेक्टर. साहेब गोड बोलले. इतके गोड, की मी सावध झाले.

– आजी, तुमचा फोटो तुम्हाला न विचारता लावला ना?

– हो.

– मग तेवढंच कॉलेजच्या नावे लिहून द्या. आम्ही लिहूनच ठेवलंय, तुम्ही फक्त सही करा. परवाना आजच्या आज देतो. आठवीचं आम्ही बघून घेऊ.

पेनसुद्धा उघडून हातात दिलं. तीस वर्षं जो कागद मिळाला नाही, तो समोर शिक्का मारून तयार! मी म्हटलं, वाचते. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचते, वेळ लागतो. पहिली ओळ खरी. दुसरी खरी. तिसरीत ‘फूस लावून’ लिहिलं होतं, तेही एकवेळ चाललं असतं. चौथीत होतं – ‘तरी या मंडळावर कारवाई व्हावी, अशी माझी नम्र विनंती.’

मी बोट तिथेच ठेवलं.

– साहेब, पोरांनी विचारलं नाही हे खरं. त्यांचे कान मी धरीन, चांगले पिरगाळीन. पण ही माझी विनंती तुम्ही मला विचारून लिहिलीत का?

इन्स्पेक्टरांना खोकला आला. साहेबांचा गोडवा गेला. ‘मग खोली बंद होईल, आजी.’

पेन टेबलावर ठेवलं. टोपण लावून ठेवलं, उगाच वाळायला नको. बाहेर येऊन चिंगीला म्हटलं, चल. तिनं काय झालं ते विचारलं नाही. माझा हात मात्र घरापर्यंत सोडला नाही.

१७ मार्च, मंगळवार

दाराला सील. इन्स्पेक्टरांनी स्वतः कागद चिकटवला. वाकडा लागला. खुर्ची आत, आरसा आत, माझी चांगली कात्री आत. तीन बायका येऊन परत गेल्या. मी पायरीवर बसून होते. हातांना काही काम नाही, म्हणून काही शिजवलेलं नसताना सकाळपासून चारदा चूल पुसली.

१९ मार्च, गुरुवार

लांब्याचा निरोप आला. फोनमध्ये त्याचा आवाज, चिंगी एकेक वाक्य थांबवून सांगत होती. चष्मेवालीनं आणि अकरा शाखांनी त्याला खडसावलं म्हणे. सगळीकडची पोस्टरं उतरवली. ‘आमच्या नियमांची पहिलीच ओळ आम्ही मोडली,’ म्हणाला. आवाज पडलेला होता पोराचा. आता विचारतोय – चौदा देशांची सभा आहे, तिथे आजी बोलतील का? नाही म्हणाल्या तर नाही. उत्तर ऐकायला तो आणि चष्मेवाली रविवारी पुन्हा येतायत.

– चिंगे, काय सांगू गं?

– मी काही बोलणार नाही, आजी. तुझं तू ठरव.

या घरात मला असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं. आणि मला मेलं काही सुचेचना!

२१ मार्च, शनिवार

सकाळी सील मी काढलं. ओलं फडकं लावून, हळूहळू. चिंगीला सांगितलं नाही. पोरांच्या सभेसाठी काढलं नाही. खुर्ची माझी आहे म्हणून काढलं. दुपारपर्यंत पाच जणी झाल्या. आता गल्लीच्या टोकाला इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई दिसतायत. सहावीची मागची बाजू राहिलीय, ती आधी पुरी करते.

पोरं उद्या, रविवारी, उत्तर ऐकायला येतो म्हणालीत.